बाबासाहेबांच्या मनावरचे घाव

शरीराची जखम दिसते, मनाची दिसत नाही. म्हणून पुष्कळ घरांत ती मानलीच जात नाही. एखादे मूल शाळेत अपमान झाल्यापासून गप्प राहते. एखादी भगिनी रात्री दचकून उठते. मारहाण सोसलेला बांधव घराबाहेर पडत नाही. मग कोणी म्हणतो बाहेरचे लागले, कोणी म्हणतो भित्रा आहे. अशा कुटुंबांनी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र या दृष्टीनेही पाहावे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. आई भीमाबाई ते लहान असतानाच गेल्या. आत्या मीराबाईंनी त्यांना मायेने वाढवले. १९०१ साली वडिलांकडे निघालेली ही मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळताच गाडीवाले मागे सरले. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैलगाडी हाकली. जवळ जेवण होते, पण रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. नऊ-दहा वर्षांच्या भीमाच्या मनावर तो प्रसंग कायमचा कोरला गेला.

परदेशात शिकून ते १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर लोक दारात उभे राहिले. जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे आसरा मागितला, तोही मिळाला नाही. रात्रीच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी कमाटी बागेत रडत काढले. अठरा वर्षांनी हा प्रसंग लिहितानाही ते दृश्य त्यांच्या डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे राहत होते आणि डोळे भरून येत होते.

बंधूंनो, एवढ्या धैर्यवान पुरुषाच्या मनातूनही तो घाव पुसला गेला नाही. मग आपल्या माणसाला जुना प्रसंग आठवून रडू आले, तर त्याला दुबळा कसे म्हणावे?

पुढची घटना आपल्या खानदेशातली आहे. १९२९ च्या ऑक्टोबरात सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब इकडे आले होते. धुळ्याच्या रेल्वेमार्गावरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. टांगेवाल्यांनी त्यांना बसवून टांगा हाकण्यास नकार दिला. बाबासाहेबांनी पायी चालावे, हे आपल्या लोकांना सहन होईना. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक माणूस हाकायला बसवला. त्याला सवय नव्हती, तो घाबरला. नदीच्या फरशीवर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब फेकले गेले आणि बेशुद्ध पडले. पाय मोडला. रडत-ओरडत लोकांनी त्यांना उचलून महारवाड्यात नेले.

बडोद्यात दार उघडले नाही. चाळीसगावात सारी वस्ती धावून आली. दुखावलेल्या माणसाला अशी वस्ती लागतेच. पण नुसती माया पुरत नाही, लगाम जाणत्या हाती असावा लागतो. मनाच्या घावालाही घरची माया हवी आणि जाणता डॉक्टरही हवा.

बाबासाहेबांनी दुःख दाबून ठेवले नाही. १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला तेव्हा स्नेही दत्तोबा पवार यांना पत्र लिहून त्यांनी मन मोकळे केले. पुढे आपले अपमान लिहून काढले आणि शेजारी इतरांचेही मांडले. काठेवाडच्या एका शिक्षकाच्या आजारी बाळंतीण पत्नीला डॉक्टरने स्पर्श केला नव्हता व ती दगावली होती, त्याची व्यथाही त्यांत आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला जो धम्म दिला, त्यातही हीच रीत आहे. पती, दोन मुले, आईवडील व भाऊ गमावून पटाचारा वेडीपिशी झाली. लोक तिला हाकलत होते. भगवान बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले. कोणी अंगावर वस्त्र दिले. ती भानावर आली, तिने आपली कथा सांगितली आणि मगच उपदेश झाला.

म्हणून घरात कोणी असा घायाळ असेल तर त्याला भगताकडे नेऊ नका. विसरून जा, असे सांगू नका. खोदून विचारू नका. तो बोलेल तेव्हा शेजारी बसून ऐका. झोप, जेवण, काम यांची घडी बसवायला हात द्या. महिनाभरात उतार पडला नाही, किंवा जीव देण्याची भाषा आली तर लगेच, जिल्हा रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. सरकारच्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत, मराठीतही बोलता येते. हा क्रमांक विहारातील फळ्यावर लिहून ठेवावा.