नामदार गोखले आणि त्यांचे वडील बंधू

नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव उच्चारताच मध्यवर्ती कायदेमंडळातील त्यांची अंदाजपत्रकावरील व्यासंगपूर्ण भाषणे, १९०५ सालच्या काशी येथील काँग्रेसचे अध्यक्षपद आणि त्याच वर्षी पुण्यात त्यांनी स्थापिलेला भारत सेवक समाज यांचे स्मरण होते. महात्मा गांधींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले. हा लौकिक सर्वश्रुत आहे. परंतु ज्या दोन कुटुंबीयांच्या मायेवर हे चरित्र उभे राहिले, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. वडील कृष्णराव कागल येथे नोकरीस होते. १८७९ साली ते निवर्तले, तेव्हा गोपाळ अवघा तेरा वर्षांचा होता. चुलत्यांनी कुटुंबाला ताम्हनमळा येथे आश्रय दिला. तथापि मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न उरलाच. त्या प्रसंगी वडील बंधू गोविंदरावांनी स्वतःचे शिक्षण सोडले व दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली. त्यांतील आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास नियमाने पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत घर चालवावयाचे होते.

या आठ रुपयांचे मोल गोपाळ पुरते जाणून होता. तो हाताने स्वयंपाक करी व पै न पै जपून वापरी. एकदा एका सोबत्याने त्यास नाटकास नेले आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने ते निमूटपणे दिले; पण भावाकडे जादा पैसे न मागता दिव्याच्या तेलाचा खर्च वाचविला आणि रस्त्यावरील कंदिलाखाली बसून अभ्यास केला, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे.

१८८१ साली तो प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाला. आता आपणही नोकरी धरून दादांचा भार हलका करावा, असे त्याच्या मनात आले. गोविंदरावांनी ते मानले नाही. त्यांच्या पत्नीने तर धाकट्या दिराच्या महाविद्यालयीन शिक्षणासाठी अंगावरचे दागिने पुढे केले. गरिबाघरच्या स्त्रीला दागिना म्हणजे अडीअडचणीचा एकमेव आधार. तो तिने आपण होऊन देऊ केला.

१८८४ साली गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. पुढे त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये अल्प वेतनावर अध्यापन स्वीकारले आणि नंतर फर्ग्युसन महाविद्यालयाच्या सेवेत उमेदीची वर्षे वेचली. घरच्यांचे ऋण ते विसरले नाहीत. गोविंदरावांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबाचा भार त्यांनी आपला मानला.

१९११ साली त्यांनी कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. मुलांना शाळेत पाठविण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने लागू व्हावी आणि निर्धन पालकांस फी माफ असावी, हा त्याचा आशय. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. शिक्षणाच्या मूलभूत हक्काचा कायदा अमलात येण्यास पुढे २०१० साल उजाडावे लागले. भावाने आपली शाळा सोडली म्हणून ज्यास शिकता आले, त्या पुरुषाने कोणाही मुलाचे शिक्षण घरच्या परिस्थितीवर अवलंबून राहू नये म्हणून झटावे, यात मोठे औचित्य आहे.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोपाळरावांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या संस्था आज उभ्या आहेत. गोविंदरावांच्या वाट्यास तो मान आला नाही.

आपल्या स्मरणिकांतून दरवर्षी पदवीधरांची व यशस्वी बंधुभगिनींची छायाचित्रे प्रसिद्ध होतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांतील अनेकांच्या मागे शिक्षण अर्धवट सोडलेला एखादा दादा, बांगड्या उतरवून देणारी एखादी वहिनी किंवा लग्न लांबणीवर टाकून नोकरी करणारी एखादी ताई असते. गौरव स्वीकारणाऱ्या प्रत्येकाने आपल्या माहितीपत्रकात अशा एका माणसाचे नाव आवर्जून लिहावे. ते माणूस हयात असेल, तर अंक प्रथम त्याच्या हाती द्यावा.