वासुदेव बळवंत फडके : मातृशोक आणि शस्त्रसाधना

आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाची कथा सर्वश्रुत आहे. त्या बंडामागे एका कारकुनाचा मातृशोक होता, याकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष जाते.

वासुदेवरावांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ रोजी पनवेलजवळील शिरढोण येथे झाला. पुढे ते पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरीस लागले. १८७० च्या सुमारास गावाकडून आई अत्यवस्थ असल्याचे वर्तमान आले. रजेचा अर्ज केला; परंतु रजा वेळेवर मंजूर झाली नाही. अखेर रजेवाचून ते निघाले आणि शिरढोणला पोहोचले, तो मातोश्रींनी इहलोक सोडला होता. पुढे वर्षश्राद्धासाठीही रजा नाकारली गेली. आपल्यापैकी अनेकांनी परमुलखात नोकरी करताना गावाकडच्या तारेची धास्ती अनुभवली आहे. त्यांना ही वेदना वेगळी सांगावयास नको.

पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत वासुदेवरावांनी कुस्ती, तलवार व दांडपट्टा यांचे धडे घेतले होते. पट्टा ही मोठी कठोर विद्या. कोपरापर्यंत हात लोखंडी खोबणीत बंदिस्त. मनगट वळत नाही. लांब, लवचिक पात्याची फेक खांद्यातून आणि कमरेतून घ्यावी लागते. पावलाचा ताल चुकला तर पाते फिरविणाऱ्यालाच इजा करावयाचे. म्हणून पट्टा फिरविणाऱ्याचे चित्त त्या क्षणी अन्यत्र जाऊच शकत नाही. शोकाकुल मनाला याहून मोठा विसावा तो कोणता? आईमागून प्रथम पत्नीचाही वियोग त्यांना सोसावा लागला. दत्तभक्ती आणि शस्त्राभ्यास हे त्या वर्षांतील त्यांचे दोन आधार होते, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. द्वितीय पत्नी गोपिकाबाई यांनाही त्यांनी लिहिणे-वाचणे व शस्त्र धरणे शिकविले.

तथापि हा विसावा म्हणजे विस्मृती नव्हे. १८७६-७७ च्या दुष्काळात माणसे अन्नावाचून मरताना त्यांनी पाहिली आणि स्वतःचे दुःख देशाच्या दुःखात मिसळून गेले. तालमीत कमावलेला हात १८७९ मध्ये रामोशी बांधवांसह बंडासाठी उठला. त्याच वर्षी जुलै महिन्यात देवर नावडगी येथे, तापाने फणफणलेल्या अवस्थेत, ते पकडले गेले. पुण्याच्या खटल्यात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी त्यांच्या बचावास उभे राहिले. तरी जन्मठेप टळली नाही. एडनच्या तुरुंगात १७ फेब्रुवारी १८८३ रोजी त्यांचा अंत झाला.

मातेच्या अंतकाळी जवळ असण्याचे भाग्य ज्या पुत्राला लाभले नाही, त्याच्याही अंतकाळी आप्तांपैकी कोणी जवळ नव्हते. शस्त्राने त्याचा शोक हलका केला असेल, नाहीसा केला नाही. पण त्या शोकाने खचून न जाता उभे राहण्याचे बळ मात्र निश्चित दिले. गावापासून दूर राहणाऱ्या आपणा सर्वांना त्यांच्या चरित्रातून घेण्यासारखे आहे ते हेच.