चिंतामणरावांची मुदत

पेण आणि रोहे हे रायगड जिल्ह्यातले एकमेकांना लागून असलेले तालुके. एक गणपतीच्या मूर्तींसाठी देशभर ओळखला जाणारा, तर दुसरा कुंडलिकेच्या काठचा, धावीर महाराजांच्या पालखीचा. १९८१ पर्यंत जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. या दोन तालुक्यांत सव्वाशे वर्षांपूर्वी दोन मुले वाढत होती आणि त्यांच्या वयात अवघ्या चार महिन्यांचे अंतर होते. पेणमधल्या गागोद्याचा विनायक भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मला. चिंतामण देशमुख १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळच्या नाते गावी जन्मला आणि रोह्यात वाढला, कारण त्याचे वडील द्वारकानाथ तिथे वकिली करीत. दोघेही दीर्घायुषी झाले आणि १९८२ साली दीड महिन्याच्या अंतराने गेले. एकाने कॉलेज अर्ध्यावर सोडले. दुसऱ्याने प्रत्येक परीक्षा दिली आणि बहुतेक वेळा पहिला आला.

आज या दोघांची आठवण काढायला एक घरगुती कारण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरात एका योजनेस मान्यता दिली. तिच्यानुसार तीन वर्षांची पदवी पाच सेमिस्टरमध्ये आणि चार वर्षांची सहा किंवा सात सेमिस्टरमध्ये पुरी करण्याची मुभा मिळते. त्यामुळे अनेक घरांत रात्रीच्या जेवणानंतर एकच चर्चा चालते. मुलाला किंवा मुलीला धाटावच्या कारखान्यात, डोलवीला, नाहीतर नवी मुंबईच्या एखाद्या कार्यालयात काम मिळण्याची चिन्हे आहेत. मग शेवटचे सहा महिने कॉलेजात काढायचे, की अभ्यास आधीच उरकून कामाला लागायचे? आई म्हणते, एवढी घाई कशाला. बाप मनातल्या मनात सहा पगारांची बेरीज करतो.

ज्या आयोगाने ही मुभा दिली, त्याचे अध्यक्षपद १९५६ ते १९६१ या काळात रोह्याच्या चिंतामणरावांकडे होते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या आयुष्यात शोधून पाहावे असे वाटते.

रोह्यातून केंब्रिज

त्या काळी पेण-रोह्याचा माणूस मुंबईस जायचा तो बहुधा धरमतरहून बोटीने. चिंतामणही शिक्षणासाठी मुंबईला गेला आणि १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिला आला. संस्कृतची पहिली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यालाच मिळाली. त्या काळी मॅट्रिकला पहिला येणे ही साऱ्या महाराष्ट्राने कौतुक करावे अशी गोष्ट होती, आणि राम गणेश गडकऱ्यांनी या मुलावर कविताही केली. वकिलाच्या घरातला, संस्कृतात पारंगत असा मुलगा वडिलांच्या मार्गाने जाईल असेच कुणालाही वाटले असते.

तो एल्फिन्स्टन कॉलेजात शिकू लागला. पण इथली पदवी पुरी होण्याची वाट त्याने पाहिली नाही. १९१५ साली महायुद्ध ऐन भरात असताना तो इंग्लंडला गेला आणि केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाला. विषय घेतले वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ साली नॅचरल सायन्सेसची ट्रायपॉस परीक्षा देऊन तो पदवीधर झाला आणि वनस्पतिशास्त्रातले फ्रँक स्मार्ट पारितोषिक त्याने पटकावले. पुढच्याच वर्षी, १९१८ मध्ये, आयसीएसच्या परीक्षेस तो लंडनमध्ये बसला आणि तिथेही पहिला आला. तेव्हा वय होते बावीस. मॅट्रिकपासून इथपर्यंत सहा वर्षे लागली.

ही घाई होती काय? वरवर पाहता होती. मुंबईची पदवी मागे राहिली आणि आणखी काही वर्षे केंब्रिजच्या प्रयोगशाळेत काढण्याचा मोहही बाजूला ठेवावा लागला असेल. पण या सहा वर्षांत त्यांनी कुठलाही अभ्यास कमी केला नाही. वेळ आखडली, अभ्यास तेवढाच राहिला. आजच्या पाच सेमिस्टरच्या योजनेतही नेमके हेच आहे. तिथे एकही क्रेडिट माफ होत नाही. जे सहा सत्रांत शिकायचे, तेच पाचांत शिकायचे. मुदत कमी होते आणि हप्ते मोठे होतात.

सुरतेला उतरलेला मुलगा

गागोद्याच्या विनायकाची गोष्ट निराळी. त्याचे वडील नोकरीनिमित्त बडोद्यास होते, त्यामुळे शिक्षण तिथेच झाले. गणितात बुद्धी विलक्षण होती. पण कॉलेजात मन रमेना. एके दिवशी त्याने आईच्या देखत आपली प्रमाणपत्रे चुलीत घातली. २५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला, पण सुरतेला उतरला आणि काशीला निघून गेला. त्याच वर्षी जूनमध्ये तो अहमदाबादेस गांधीजींच्या कोचरब आश्रमात पोहोचला. चिंतामण केंब्रिजमध्ये पहिले वर्ष संपवीत होता, तेव्हाची ही हकीकत.

आपली मुले कधीकधी विनोबांचे उदाहरण देतात. पदवी नसलेला माणूस एवढा मोठा झाला, मग पदवी कशाला, असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यांना पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. आश्रमात आल्यावर वर्षभरातच विनोबांनी एका वर्षाची रजा मागितली ती शिकण्यासाठी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्यापाशी त्यांनी संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला आणि वर्ष पुरे होताच ठरल्या दिवशी ते आश्रमात हजर झाले. पुढे गीताई लिहिली, अनेक भाषा आत्मसात केल्या आणि १९५१ पासून भूदानासाठी देश पायी पालथा घातला. म्हणजे कॉलेज सोडले तरी अभ्यास सुटला नाही. कॉलेजचे वेळापत्रक मोडणाऱ्या त्या मुलाने स्वतःवर त्याहून कडक वेळापत्रक लादून घेतले. ज्याला तेवढे साधेल त्याने खुशाल सुरतेला उतरावे. बाकीच्यांनी मुंबईपर्यंत जाऊन परीक्षा द्यावी हे बरे.

नोकरी, बँक आणि दिल्ली

आयसीएस झाल्यावर चिंतामणरावांच्या मनातही द्वंद्व होते. लोकमान्य टिळक तेव्हा लंडनमध्ये होते. सरकारी नोकरी सोडून देशकार्यात पडावे काय, असे चिंतामणरावांनी त्यांना विचारले आणि स्वतंत्र भारताला अनुभवी माणसे लागतील म्हणून नोकरी करण्याचा सल्ला लोकमान्यांनी दिला, अशी आठवण सांगितली जाते. १९२० पासून मध्य प्रांत आणि वऱ्हाडात त्यांची नोकरी सुरू झाली. महसूल, जमाबंदी, अर्थखाते असे करीत ते वर चढत गेले. १९३१ साली रजेवर लंडनमध्ये असताना दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवालयातही त्यांनी काम केले.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी देशाच्या नोटांवर सही करू लागला. सहाव्या जॉर्जच्या चित्राच्या जुन्या नोटा ज्यांच्या घरी जपून ठेवल्या असतील, त्यांनी ती सही जरूर पाहावी. १९४४ साली ब्रेटन वुड्सच्या परिषदेला, जिथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया घातला गेला, तिथे भारताच्या शिष्टमंडळात ते होते. १ जानेवारी १९४९ रोजी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेही त्यांच्याच कारकिर्दीत.

आम्ही १९८० नंतर बँकेत लागलेली माणसे. आमच्या पिढीला बँकेची शाखा तालुक्याच्या गावी असणे हे गृहीतच वाटे. पण त्यामागे चिंतामणरावांचा हात होता. १९५० ते १९५६ ते देशाचे अर्थमंत्री होते. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढण्याचे बंधन कायद्यानेच तिच्यावर घातले गेले. १९५६ च्या जानेवारीत आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. १९५२ साली ते लोकसभेवर निवडून गेले ते कुलाब्यातूनच. त्याआधी १९५१ च्या अखेरीस नेहरूंच्या निमंत्रणावरून विनोबा नियोजन आयोगाशी चर्चेसाठी पवनारहून दिल्लीला पायी आले होते, तेव्हा त्या आयोगाच्या सभासदांत चिंतामणराव होते. शेजारच्या तालुक्यांतल्या दोन मुलांच्या वाटा फिरून एकाच शहरात आल्या होत्या.

मग १९५६ साल उजाडले. मुंबई केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय आणि मुंबईत झालेला गोळीबार यांच्या निषेधार्थ चिंतामणरावांनी जुलैत अर्थमंत्रिपद सोडले. सार्वत्रिक निवडणुका वर्षाच्या आतच व्हायच्या होत्या. आणखी काही महिने थांबले असते तर मुदत सन्मानाने पुरी झाली असती. एकही परीक्षा अपुरी न सोडणारा हा माणूस इथे मात्र मुदतीआधी उठला, कारण थांबण्याची किंमत त्याच्या मते फार मोठी होती. मुदतीआधी निघणे हे मुळात चांगलेही नाही आणि वाईटही नाही. आपण कशासाठी निघतो, यावर ते ठरते.

मागे राहिलेल्यांसाठी

यानंतरचे त्यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. अनुदान आयोगाच्या अध्यक्षपदी असताना देशभरच्या विद्यापीठांत तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम रुजवण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. १९६२ ते १९६७ ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९६२ साली त्या विद्यापीठात पत्राद्वारे शिक्षण देणारी देशातली पहिली शाखा सुरू झाली. नोकरी करणारा कारकून, लग्न होऊन शिक्षण सुटलेली मुलगी, पैशाअभावी कॉलेज सोडलेला तरुण यांना घरी बसून पदवीधर होण्याची वाट मोकळी झाली. आपल्या नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले, ते त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल.

यात त्यांच्या पत्नी दुर्गाबाईंचीही आठवण व्हावी. दोघांचा विवाह १९५३ साली झाला. दुर्गाबाईंचे शालेय शिक्षण लहानपणीच तुटले होते. ते त्यांनी पुढे जिद्दीने जोडले, पदवी घेतली, कायद्याचे शिक्षण पुरे केले. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या अध्यक्ष असताना, १९५८ साली, प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रमांची योजना त्यांच्याच काळात सुरू झाली. वर्षानुवर्षांचा अभ्यास थोड्या काळात उरकून घेण्याची ती सोय होती. वेळ आखडायची ती कुणासाठी आणि कशासाठी, हे या जोडप्याला नेमके ठाऊक होते.

स्वतः चिंतामणरावांचा अभ्यास तर शेवटपर्यंत चालू होता. मेघदूताचे त्यांनी मराठीत भाषांतर केले, गांधीजींची वचने संस्कृतात आणली, स्वतःही संस्कृत काव्य रचले. पदवी १९१७ साली हाती आली होती. शिकणे २ ऑक्टोबर १९८२ रोजी थांबले.

हिशेब घरचा

बँकेत मुदतठेव मोडायला येणाऱ्या माणसाला आम्ही एकच गोष्ट विचारीत असू, की पैसे कशाला हवे आहेत? मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी कुणी ठेव मोडत असेल, तर बुडणाऱ्या व्याजाचा हिशेब त्याला सांगायचा नसतो. नव्या फटफटीसाठी मोडत असेल, तर मात्र समोर बसवून सांगायचा असतो. शेवटच्या सेमिस्टरचेही तसेच आहे. वडिलांचे काम सुटले आहे, घरात आजारपण आहे, तर सहा महिने आधी मिळणारा पगार हा मोठा आधार असतो, आणि अभ्यास पेलत असेल तर मुलाने अवश्य लवकर पुरे करावे. कर्ज काढून शिकणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, शैक्षणिक कर्जाची फेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. अभ्यासक्रम लवकर संपला तर हप्तेही लवकर सुरू होतात, हे बेरजेत धरायला विसरू नये.

पण केवळ कंटाळा आला, मित्र कमावू लागले, म्हणून शेवटचे सत्र ओझे वाटत असेल, तर थांबावे. नोकरी पुढची पस्तीस वर्षे आहेच. ग्रंथालयात दुपार घालवण्याची, आपल्या विषयाबाहेरचे एखादे व्याख्यान ऐकण्याची सवड नोकरीत फारशी मिळत नाही. आणि पाच सत्रांत सहांचे काम रेटताना गुण घसरणार असतील, तर ती बचत कसली? लवकर संपवायचे ते नीट संपवता आले, तरच लवकर संपले असे म्हणायचे.

रोह्याच्या वाणिज्य महाविद्यालयाला आज चिंतामणरावांचे नाव आहे. तिथून पदवी घेऊन निघणारी मुले कामासाठी रोज गाडी पकडतात, कुणी पनवेलची, कुणी त्याही पुढची. ती पाच सत्रांत निघाली की सहा, हे दहा वर्षांनी कुणी विचारणार नाही. जे शिकायचे होते ते पुरते शिकून निघाली का, हे मात्र त्यांच्या कामात रोज दिसत राहील.