विश्लेषण : दीड वर्षाचे मूल अंगावरच पिते, जेवत नाही? या प्रश्नाच्या मुळाशी गेलेल्या डॉ. सिसिली विल्यम्स कोण होत्या?

मूल दीड वर्षाचे झाले तरी वरणभाताला तोंड लावत नाही. रात्री तीन-चार वेळा उठून अंगावर पिते आणि सकाळी पुन्हा भूक नाही. घरातले एक जण म्हणते, दूध तोडा. दुसरे म्हणते, राहू दे, मोठे झाले की खाईल. या वादाच्या दोन्ही टोकांना धोका आहे, हे सुमारे ९० वर्षांपूर्वी आफ्रिकेतील एका सरकारी डॉक्टरने दाखवून दिले. त्यांचे काम आज कुपोषणाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे.

डॉक्टर कशा झाल्या?

सिसिली विल्यम्स यांचा जन्म २ डिसेंबर १८९३ रोजी जमैकात झाला. वडील तेथे शिक्षण खात्यात मोठ्या पदावर होते. ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल कॉलेजात त्या पोहोचल्या तेव्हा पहिले महायुद्ध सुरू होते. पुरुष विद्यार्थी आघाडीवर गेल्याने वैद्यकीय वर्गात जागा रिकाम्या होत्या, म्हणून मुलींना दार किलकिले झाले. पदवीनंतर लंडनमध्ये नोकरी मिळवणे मात्र सोपे नव्हते. बरीच वाट पाहिल्यावर १९२९ मध्ये ब्रिटिश वसाहत सेवेतून त्यांची नेमणूक गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घाना येथे झाली.

आक्रात त्यांना काय दिसले?

बालरुग्णालयात एक ते चार वर्षांची मुले येत. हातपाय सुजलेले, त्वचा काळवंडून सोलवटलेली, पोट बिघडलेले. मूल चिडचिडे असे. सूज असल्यामुळे ते वरवर गुटगुटीत वाटे, हे सर्वांत फसवे. अनेक मुले महिन्याभरात दगावत.

विल्यम्स यांनी औषधाच्या आधी मुलाच्या खाण्याची चौकशी केली. मुले आईच्या किंवा घरातल्या म्हाताऱ्या बाईच्या अंगावर पीत होती. आई बहुतेकदा पुन्हा गरोदर होती. त्याखेरीज वरचे अन्न म्हणजे आंबवलेल्या मक्याची पेज किंवा मक्याचे गोळे. डाळ नाही, मासा नाही, अंडे नाही. पोट भरत होते, पण वाढीला लागणारे मिळत नव्हते. १९३३ मध्ये त्यांनी यावर शोधनिबंध लिहिला.

गा भाषेत या आजाराला नाव आधीपासून होते : क्वाशिओरकर. पाठचे भावंड आले की आधीच्या मुलाला जो आजार होतो, तो. आयांनी कारण नावातच सांगून ठेवले होते, डॉक्टरांनी विचारले नव्हते एवढेच. १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’मधील निबंधात विल्यम्स यांनी हेच नाव वापरले.

विरोध कोणाचा होता?

ह्यू स्टॅनस हे वसाहतींतील आजारांचे मोठे नाव. हा वेगळा आजार नसून पेलाग्राच आहे, असे त्यांचे म्हणणे. पेलाग्राही मका खाणाऱ्यांमध्ये दिसतो, त्यामुळे हा आक्षेप अगदीच निराधार नव्हता. पण विल्यम्स यांनी त्वचेवरील डागांच्या जागा, मुलांचे वय आणि सूज यांतील फरक मांडला आणि मागे हटल्या नाहीत. वरिष्ठांशीही खटके उडाले. १९३६ मध्ये त्यांची बदली मलायात झाली.

दुधाच्या डब्यावरून वाद का झाला?

मलायात नेमके उलटे चित्र होते. येथे आईचे दूध वेळेआधीच तुटत होते. गोड कंडेन्स्ड मिल्कचे डबे बाळांसाठी उत्तम म्हणून विकले जात. परिचारिकांसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या घरोघरी जात. १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये विल्यम्स यांनी भाषण दिले. शीर्षकातच त्यांनी दूध आणि खून हे दोन शब्द शेजारी ठेवले. अशा दिशाभुलीने होणाऱ्या बालमृत्यूंना खूनच समजावे, असा त्यांचा मुद्दा होता. तोही उद्योगपती बसलेल्या सभागृहात!

पुढे जपानी आक्रमण झाले. त्या चांगी येथील छावणीत कैद झाल्या, जपानी लष्करी पोलिसांच्या कोठडीतही काही महिने काढले. बेरीबेरीने पायांची संवेदना गेली. त्या छावणीत २० बाळे जन्मली, विसांनाही आईचे दूध मिळाले आणि वीसही जगली, ही नोंद त्या नंतर आवर्जून सांगत. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या माता-बाल आरोग्य विभागाच्या त्या पहिल्या प्रमुख झाल्या.

आजच्या पालकांसाठी यात काय?

आईचे दूध वाईट नाही, एकटे अपुरे आहे. सहा महिन्यांपर्यंत फक्त तेच, नंतर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ ते सुरू ठेवून सोबत पूरक आहार, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. एक ते दोन वर्षांत आईच्या दुधातून मुलाच्या ऊर्जेची साधारण एकतृतीयांश गरज भागते. उरलेली दोनतृतीयांश ताटातून यावी लागते. रात्रभर पिणारे मूल दिवसा कमी खाते, हा हिशेब साधा आहे. त्यामुळे दिवसा आधी घास, मग दूध. झोपण्यापूर्वी पोटभर जेवण, आणि रात्रीचे पाजणे एकेक करून कमी करणे. अचानक तोडणे नको. आक्रातल्या मुलांचे दूध पाठच्या भावंडामुळे एकाएकी तुटे आणि आईची कूसही जाई.

ताटात काय, हा प्रश्न अधिक मोठा. आपल्याकडे मक्याच्या जागी तांदळाची पेज, बिस्किट आणि चहा येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील सहा ते २३ महिन्यांच्या मुलांपैकी फक्त ११.३ टक्के मुलांना पुरेसा आहार मिळत होता. घट्ट वरण, अंडे, मासळी, शेंगदाण्याचे कूट, तूप घातलेली खिचडी यांतले घरात जे असेल ते रोज हवे. दोन्ही पावलांना सूज असेल, बोट दाबल्यावर खळगा राहत असेल, तर घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे. तीव्र कुपोषणाच्या निकषांत ही सूज आजही आहे.

वाद संपला का?

पूर्ण नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांना सूज आलेल्या आणि केवळ वाळलेल्या मुलांच्या आहारात ठळक फरक आढळला नाही. त्यामुळे फक्त प्रथिनांची कमतरता हे स्पष्टीकरण अपुरे ठरले. सूज नेमकी कशी येते, यावर संशोधन सुरू आहे.

विल्यम्स यांचे निधन १३ जुलै १९९२ रोजी ऑक्सफर्डमध्ये झाले. वय ९८. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये भारताने बाळांच्या दूधपावडरच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा केला. २००३ मध्ये दुरुस्ती करून दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीचे तयार अन्नही त्या बंदीखाली आणले गेले.