कापड गिरणीवाल्या टाटांनी पोलादावर पैसा कसा लावला?

भंडारा जिल्ह्यात तुमसरकडे गेलात की चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी लागतात. मँगनीज पोलादात जातं. आणि भारतात पोलाद बनवायचं हे वेड ज्यांनी घेतलं, त्या जमशेदजी टाटांची गिरणी शेजारच्या नागपुरात होती.

नवसारीत जन्मलेल्या जमशेदजींनी १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू केली. गिरणी जोरात चालली. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या लोहखनिजाचा एक अहवाल त्यांच्या हाती पडला. पण वरोऱ्याचा कोळसा पोलादाला चालेना, त्यात सरकारी अटी जाचक. विषय थांबला, तो १८९९ ला नियम सैल होईपर्यंत.

१९०२ मध्ये, वयाच्या ६३ व्या वर्षी, ते अमेरिकेला गेले आणि चार्ल्स पेज पेरिन या इंजिनिअरला गाठलं. आधी फक्त शोधाचा खर्च करायचा, कारखान्याचं नंतर बघू. आज मोठ्या कंपन्या नव्या मटेरियलच्या स्टार्टअपमध्ये पैसे लावतात तेही असंच, टप्प्याटप्प्याने. यालाच कॉर्पोरेट व्हेंचर कॅपिटल म्हणतात. फरक इतकाच की सतरा वर्षं थांबणारा गुंतवणूकदार आज विरळाच.

१९०४ मध्ये जमशेदजी जर्मनीत वारले. चांद्याचा शोध फसला. मग मुलगा दोराबजींना नागपूरच्या म्युझियममधल्या नकाशावर भंडाऱ्यापलीकडच्या दुर्ग भागातलं लोखंड दिसलं. तिथेही कारखाना झाला नाही. शेवटी मयूरभंजच्या खनिजावर साकचीत, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, १९१२ ला पहिलं पोलाद निघालं.

दुर्गकडचं ते लोखंड पुढे भिलाईच्या कारखान्याला गेलं.