हळदोण्याचे चिक चॉकलेट

हिंदी चित्रपटसंगीताच्या सुवर्णकाळाचा विषय निघाला की संगीतकार, गायक आणि गीतकार यांची नावे भराभर घेतली जातात. गाण्याच्या सुरुवातीला अंगावर शहारा आणणारा ट्रम्पेट कोणी वाजवला, दोन कडव्यांच्या मधला सॅक्सोफोनचा तुकडा कोणाच्या डोक्यातून निघाला, हे मात्र सहसा विचारले जात नाही. ज्यांना विचारावे ती माणसे बहुतांशी गोव्याची होती. त्यांतले सर्वांत झगमगते नाव अंतोनिओ झेवियर वाझ. या नावाने त्यांना फारसे कोणी ओळखले नसते. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणत असे.

वाझ यांचा जन्म 1916 सालचा, बार्देस तालुक्यातील हळदोणे गावचा. लहानपणीच्या ‘चिको’ या लाडाच्या नावाचे पुढे ‘चिक’ झाले. त्या काळच्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले जाई. हेतू प्रार्थनेच्या साथीचा होता. परिणाम वेगळाच झाला. पोटापाण्यासाठी गोवा सोडणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हाती एक कसब आले आणि संस्थानिकांच्या बँडपासून मूकपटांच्या वाद्यवृंदापर्यंत सर्वत्र गोव्याचे वादक दिसू लागले. मुलाने यंत्रकाम शिकून चार पैसे मिळवावेत, अशी चिक यांच्या आईची इच्छा होती. मुलाने ट्रम्पेट हाती घेतला.

तो काळ मुंबईत जॅझ रुजण्याचा होता. 1935 साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला आणि त्यापाठोपाठ ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफोर्ड असे कसलेले कलावंत येथे येऊन राहिले. त्यांच्या देशात ज्या हॉटेलांच्या पुढच्या दारातून त्यांना आत घेतले जात नसे, तशा दिवाणखान्यांत मुंबईचे साहेब आणि संस्थानिक त्यांच्या तालावर नाचत. (हिंदी माणसाला मात्र या शहरातल्या कितीतरी जागी तेव्हा मज्जाव होता, हा त्यातला विरोधाभास.) गोव्याच्या तरुणांनी या मंडळींकडून जॅझ कानाने टिपला. नोटेशनमध्ये ते पारंगत होतेच. पण कागदावर नसलेला सूर त्या क्षणी सुचून वाजवण्याचे जॅझचे धाडस त्यांना नवे होते. सॅक्सोफोनवादक मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद 1939 पासून ताजमध्ये सुमारे दोन दशके वाजत राहिला. रूडी कॉटन या नावाने वाजवणारे पारशी सॅक्सोफोनवादक कावसजी खटाव हेही याच परंपरेतले.

चिक यांचा आदर्श एकच होता, लुई आर्मस्ट्राँग. ट्रम्पेटचे उंच, धारदार स्वर, मध्येच खरखरीत आवाजात गाणे, हाती पांढरा रुमाल, सारे काही त्यांनी उचलले. 1945 च्या सुमारास त्यांचा स्वतःचा अकरा जणांचा वाद्यवृंद ताजशेजारच्या ग्रीन्स हॉटेलात वाजू लागला आणि भारताचे लुई आर्मस्ट्राँग ही पदवी त्यांना चिकटली. पदवी गौरवाची खरी. पण तिच्यामुळे एक अन्यायही झाला. नकलाकार म्हणून ज्यांची ओळख झाली, त्यांनी आपले म्हणून काय निर्माण केले, हे पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही.

ते पाहायचे तर हॉटेलातून स्टुडिओत जायला हवे. 1947 नंतर इंग्रज गिऱ्हाईक ओसरले, 1950 साली मुंबई राज्यात संपूर्ण दारूबंदी आली आणि रात्रीच्या मैफिलींची रया गेली. त्याच सुमारास चित्रपटांचे वाद्यवृंद मोठे होत होते. संगीतकार पेटीवर चाल बांधी, तीही बहुधा सरगमच्या अंगाने. तिला स्वरलिपीत उतरवून कोणते वाद्य कुठे शिरेल, सुरावटीखाली कोणते स्वरमेळ उभे राहतील, मुखडा आणि अंतरा यांच्यामधली जागा कशी भरेल, हे ठरवणारा माणूस वेगळा असे. त्याला अरेंजर म्हणत. आपल्या रागसंगीतात स्वरमेळाची कल्पनाच नसल्याने हे काम पाश्चात्त्य शिक्षण घेतलेल्या गोवेकरांकडे आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड ही त्यांतली थोर नावे. दिवसा ध्वनिमुद्रण आणि रात्री हॉटेल, असा या वादकांचा दिनक्रम असे.

चिक यांची गाठ पडली ती सी. रामचंद्र यांच्याशी. पुणतांब्याला जन्मलेले रामचंद्र नरहर चितळकर हे मराठी रसिकांचे लाडके अण्णा. पाश्चात्त्य ठेका हिंदी गाण्यात मिसळण्याचा नाद त्यांना चिक भेटण्याआधीपासूनच होता. 1947 च्या ‘शहनाई’तील रविवारच्या गाण्याने त्याची चुणूक दाखवलीच होती. पण चिक आल्यावर त्या नादाला अस्सल जॅझचा कणा मिळाला. ‘समाधी’ (1950) मधील ‘गोरे गोरे’ हे गाणे एका लॅटिन अमेरिकी धाटणीच्या लोकप्रिय सुरावटीवर बेतलेले; पुढल्याच वर्षी भगवान दादांचा ‘अलबेला’ आला आणि ‘शोला जो भडके’ने साऱ्या देशाला नाचवले. बोंगोचा चढता ठेका, त्यावर क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांची लगबग आणि लता-चितळकर यांचे स्वर! हे गाणे आजही लागले की बसलेला माणूस पाय हलवतो. त्याच चित्रपटात ‘धीरे से आजा री’ ही अंगाई आहे, हेही लक्षात ठेवायला हवे. म्हणजे अण्णांना उसन्या बळाची गरज होती असे नव्हे. चाल त्यांचीच. तिला अंगात भिनवणारी लय मात्र हॉटेलांच्या नृत्यमंचावरून आलेली होती आणि तिचे श्रेय वाटून द्यायचे तर चिक यांचा वाटा लहान नाही.

सारेच खूश होते असेही नाही. हिंदी संगीत पाश्चात्त्यांच्या नकलेने भ्रष्ट होत आहे, अशी ओरड तेव्हा होतीच. 1952 साली माहिती व नभोवाणी मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांच्या कारकीर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. एका मराठी संगीतकाराने आणि एका कोकणी वादकाने रंगवलेली गाणी दुसऱ्या मराठी मंत्र्याला नकोशी झाल्याने कोलंबोहून ऐकावी लागली, हा तपशील गमतीचा आहे. 1957 च्या ‘आशा’मधील ‘ईना मीना डीका’ ही या धाटणीची परमावधी. त्यातल्या निरर्थक वाटणाऱ्या शब्दांत मध्येच कोकणी डोकावते, ते उगीच नव्हे. ज्या स्टुडिओत ते गाणे घडले, तेथे कानावर कोकणीच अधिक पडत होती.

पण चित्रपटाच्या या कामाने जॅझवादकाचे काय होते? तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीत त्याच्या वाट्याला काही सेकंद येतात आणि तेही आधी लिहून काढलेले. जॅझचा प्राण असलेली उत्स्फूर्तता तिथे बसत नाही. चिक यांनी आपल्या वाद्यवृंदाच्या काही ध्वनिमुद्रिका काढल्या; परंतु ग्रीन्समध्ये रात्र रात्र रंगलेले वादन कोणी जपून ठेवले नाही. ते ऐकणाऱ्यांबरोबरच संपले.

1964 साली खुद्द लुई आर्मस्ट्राँग मुंबईत येऊन गेले. तोवर शहराची चव बदलत चालली होती. गिटारवाल्या तरुणांचे दिवस येऊ घातले होते. 1967 साली, वयाची जेमतेम पन्नाशी ओलांडली असता, चिक चॉकलेट यांचे निधन झाले. ग्रीन्स हॉटेलही पुढे पाडले गेले आणि त्या जागी 1973 मध्ये ताजचा मनोरा उभा राहिला.

प्यारेलाल यांनी आपले व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस यांचे नाव 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तील गाण्यातून घरोघरी पोहोचवले. चिक यांच्या वाट्याला तसे गाणे आले नाही. मात्र ‘अलबेला’त ते आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतात. झालरींच्या बाह्यांचे क्यूबन वळणाचे पोशाख घातलेले ते वादक काही क्षणांपुरते समोर येतात, आणि लगेच कॅमेरा भगवान दादा व गीता बाली यांच्याकडे वळतो.