शिंगटी, मळ्या आणि कर्नल साइक्स

धरमतरच्या माणसाने घरात मासे पाळावेत ही गोष्टच मुळी हसण्यासारखी. आमच्याकडे मासा म्हणजे सकाळी टोपलीतून येणारी आणि दुपारी ताटात पडणारी वस्तू. दाराशी खाडी. भरतीला पाणी बांधाला लागते, ओहोटीला चिखलावर निवट्या उड्या मारतात आणि कंपनीच्या धक्क्याकडे जाणारे बार्ज त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता निघून जातात. आसपासच्या खारपट्टीत घराशेजारच्या तळ्यात जिताडा वाढवतात खरे, पण त्याचा शेवट कोठे व्हायचा हे पहिल्या दिवसापासून ठरलेले असते. तेव्हा मी पेणहून काच कापून आणली, दोन फूट लांबीची पेटी चिकटवली आणि तीत वाळू-गोटे घालून मासे सोडले, त्या दिवशी आजीने कपाळाला हात लावला. त्यातून मासे तरी शोभेचे असावेत! बाजारात सोनेरी, लाल, पंख्यासारख्या शेपटीचे मासे मिळत असताना मी आणले होते मळ्या, मुरी आणि शिंगटी.

शिंगटी वलगणीची. पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याचे पाणी शेतात शिरते आणि मासे त्या पाण्याच्या उलट चढत बांधाबांधाने वर येतात, तेव्हा आमच्याकडची पोरे टॉर्च आणि टोपल्या घेऊन रात्रभर हिंडतात. ती वलगण. मळ्या आणि मुरी मात्र मामाच्या गावाहून, सुधागडच्या बाजूच्या ओढ्यातून, डब्यात घालून एस. टी. ने आणले. खाडीचे खारे पाणी नागोठण्यापर्यंत चढते. हे मासे त्याच्या वरच्या गोड्या पाण्यातले.

मळ्याला कोणी सुंदर म्हणणार नाही. बोटाएवढा, मातकट, तोंड खालच्या अंगाला. पण त्या तोंडामागे एक चकती असते. तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि माझ्या पेटीत काचेला. काचेवर चढलेले शेवाळ तो खरवडत असतो तेव्हा बाहेरून त्याचे ओठ हलताना दिसतात. मुरी दिवसभर वाळूत तोंड खुपसून असते. शिंगटी दिवसा गोट्याआड दडून बसते, आणि रात्री दिवा घालवला की लांब मिशा पुढे करून सगळी पेटी चाचपत फिरते. हे मासे ठेवणे सोपे नाही. ओढ्याच्या माशाला पाणी खेळते लागते. वीज गेली आणि हवेचा पंप थांबला की मळ्ये पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. एकदा मी घाईने नळाचे पाणी तसेच पेटीत ओतले. ते एक दिवस उघडे ठेवायला हवे होते, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून गेला असता. दुसऱ्या दिवशी दोन मळ्ये उलटे तरंगत होते. दोष सर्वस्वी माझा.

या माशांना खायला काय द्यावे हे शोधण्यासाठी मी गोड्या पाण्यातल्या माशांची एक यादी मिळवली. यादी शास्त्रीय नावांची. मी मराठी विषयाचा विद्यार्थी. लॅटिनचा आणि माझा संबंध नाही. तरी अक्षरे जुळवत वाचू लागलो. गारा मुल्या. पुढे मिस्टस सींगटी. आणखी पुढे मूरी. तिसऱ्या नावाला मी थबकलो आणि मागे गेलो. हे लॅटिन नव्हते, हे तर आमच्या ओढ्यावरचे मराठी होते! मुल्या म्हणजे मळ्या, सींगटी म्हणजे शिंगटी. आणि तिन्ही नावांपुढे एकच आडनाव आणि एकच साल होते: साइक्स, १८३९.

हा साइक्स कोण, हे शोधण्यात माझी सुट्टी गेली. जे हाती लागले ते येथे देतो.

विल्यम हेन्री साइक्स याचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधील यॉर्कशायरचा. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या सैन्यात तो शिरला तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. आज त्या वयात आपण नववीत असतो. १८०५ च्या भरतपूरच्या वेढ्यात तो होता. पुढे त्याने हिंदुस्थानी आणि मराठी या भाषा चांगल्या आत्मसात केल्या. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली त्या वेळी तो कंपनीच्या बाजूने लढला. पुढे डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही तो होता. पेशवाई बुडवणाऱ्या पलटणींतला हा एक अधिकारी, हे विसरून त्याचे चरित्र वाचता येत नाही आणि मी ते विसरलोही नाही.

मग तो रजेवर युरोपात गेला, चारेक वर्षे हिंडला आणि १८२४ साली परत आला. मुंबईचा गव्हर्नर तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. त्याने साइक्सला लढाईऐवजी मोजणीच्या कामाला लावले. स्टॅटिस्टिकल रिपोर्टर हे त्याचे पद. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार जिल्ह्यांत फिरायचे आणि माणसे, गुरे, जमिनी, पिके यांची माहिती गोळा करायची. राज्य नवे होते. साऱ्याची आकारणी करायची तर हातात काय आले आहे ते आधी मोजायला हवे. मोजणीमागचा हेतू असा सरळ सरकारी होता. पण हा मनुष्य मोजता मोजता वाहवत गेला असावा. माणसे मोजून झाली की तो पक्षी मोजी, पक्षी झाले की हवेचा दाब. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा लेख १८३५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. प्राण्यांची यादी १८३१ ची, पक्ष्यांची १८३२ ची. आपल्या कोळसुंद्याला, म्हणजे रानकुत्र्याला, दख्खनचे नाव शास्त्रात त्यानेच दिले. १८२९ च्या अखेरीस सरकारने त्याचे पदच काढून टाकले. तरी हातातले काम अर्धवट सोडवेना म्हणून तो मागे राहिला, ते पुरे केले आणि १८३१ च्या आरंभी विलायतेला गेला. पुन्हा तो हिंदुस्थानात नोकरीला आला नाही.

मासे मात्र राहून गेले होते. मुळा-मुठा, भीमा, इंद्रायणी, घोड या नद्यांवर जमवलेली ही माहिती त्याने तिकडे गेल्यावर बऱ्याच वर्षांनी लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे ठेवली. तीत ४६ जाती होत्या आणि बहुतेक शास्त्राला नव्या. १८३९ साली गोषवारा छापला गेला आणि १८४१ मध्ये चित्रांसह संपूर्ण लेख.

नव्या जातीला नाव द्यायचे तर त्या काळची रीत म्हणजे रंगरूपाचे वर्णन करणारा ग्रीक-लॅटिन शब्द घ्यायचा किंवा एखाद्या थोर मित्राचे नाव चिकटवायचे. साइक्सनेही काही मित्रांना खूश केलेच. व्हिगर्स, ऑगिल्बी, यारेल, चिल्ड्रेन ही लंडनच्या विद्वानांची नावे दख्खनच्या डोहांतल्या माशांना चिकटली ती अशी. या सभ्य गृहस्थांनी भीमेचे पाणी बहुधा नकाशातच पाहिले असेल. पण उरलेल्या माशांच्या बाबतीत त्याने निराळेच केले. नदीवर मासे धरणारे जे म्हणत ते त्याने इंग्रजी कानाने ऐकले आणि ओकार-ईकार दुप्पट करून तसेच कागदावर उतरवले. कोळस, खुडरी, बोगट, बालुकी, अळकुटी, गुंगवारी, टाकरी, मळ्या, मुरी, शिंगटी. लॅटिनचे शेपूट लावण्याचीही तसदी घेतली नाही. आज जपानातला किंवा ब्राझीलमधला शास्त्रज्ञ शिंगटीविषयी लिहितो तेव्हा त्याला मराठी शब्दच लिहावा लागतो, आणि ते मराठी आहे हे त्याला ठाऊकही नसते. आपण मराठीच्या तासाला तत्सम, तद्भव, देश्य असे शब्दांचे वर्ग पाठ करतो. त्यांतल्या अस्सल देश्य शब्दांनी केलेला हा प्रवास कोठल्याच पुस्तकात मला भेटला नव्हता.

एका गोष्टीची मात्र मला रुखरुख वाटते. माशांची नावे आली, ती सांगणाऱ्यांची आली नाहीत. कोणीतरी भोई किंवा कोळी पाण्यातून वर आला असेल, पाटीतला एकेक मासा साहेबापुढे धरून नाव सांगत असेल, साहेबाचा उच्चार चुकला म्हणून हसलाही असेल. व्हिगर्स आणि ऑगिल्बी अमर झाले, आणि हा मनुष्य गेला तो गेलाच.

साइक्सने मासे पाहिले ते पाण्याबाहेर. त्याचा इलाज नव्हता. काचेच्या पेटीत पाणी, वनस्पती आणि मासे यांचा मेळ घालून ते महिनोन् महिने जिवंत ठेवायची युक्ती इंग्लंडात १८५० च्या सुमारास निघाली. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये सार्वजनिक मत्स्यालय उघडले, ते त्याच प्राणिशास्त्र मंडळाचे. मग तिकडे घरोघरी मत्स्यपेट्यांचे वेडच पसरले. साइक्स तेव्हा लंडनमध्येच होता. तो तेथे जाऊन काचेला नाक लावून उभा राहिला असेल असे मला उगीचच वाटते. पण दख्खन वीस वर्षे मागे पडले होते. मळ्या काचेला चिकटून शेवाळ खाताना खालून कसा दिसतो, हे त्याच्या नावाच्या बापाने कधी पाहिले नसेल. मला ते रोज दिसते.

माझे दोन मळ्ये मेले तेव्हा विज्ञान शाखेच्या एका मित्राने त्यांतला एक फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून दिला. थोड्याच दिवसांत त्याचा होता तो रंगही गेला. राहिली एक पांढुरकी काडी. पण शास्त्रात त्या काडीलाच मोल असते. नवी जात सांगणाऱ्याने मूळ नमुना जपून ठेवायचा, म्हणजे पुढे शंका आली तर कोणीही ताडून पाहू शकतो. येथे साइक्सचे काम लंगडे पडते. त्याने मापे घेतली, चित्रे काढवली, वर्णने लिहिली, पण त्याच्या बहुतेक जातींचा मूळ नमुना आज कोणत्याही संग्रहालयात असल्याचे माहीत नाही.

याचा घोटाळा केवढा व्हावा? त्याने एका मोठ्या माशाला मुसुल्ला असे नाव दिले होते. पुढे हेच नाव दक्षिणेत कावेरीतल्या पाठीवर कुबड असलेल्या अजस्र महसीर माशाला लावले गेले आणि वर्षानुवर्षे चालले. २०१३ साली अभ्यासकांनी साइक्सचे वर्णन पुन्हा नीट वाचून दाखवले की त्याचा मुसुल्ला हा महसीर नव्हेच, तो कोळसच्या कुळातला. कावेरीचा तो राजबिंडा मासा एकाएकी बिननावाचा झाला. त्याला योग्य शास्त्रीय नाव मिळाले ते २०१८ साली, आणि तोपर्यंत तो संपत आलेला होता. त्या ऱ्हासातही साइक्सची एक जात गुंतली आहे. त्याची खुडरी म्हणजे आपला दख्खनचा महसीर. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास झाली आणि तेथली पिल्ले देशभरच्या नद्यांत सोडली गेली, कावेरीतही. आपल्याकडचा मासा वाचावा म्हणून केलेल्या या कामाने तिकडच्या माशाची जागा आक्रसली, असे आता तज्ज्ञ सांगतात. आणि इंद्रायणीत साइक्सला सापडलेला नुक्ता, तुकोबांच्या नदीतला तो विचित्र नाकाडाचा मासा, आज धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे.

साइक्सचे पुढचे आयुष्य इंग्लंडात गेले. १८४० मध्ये तो कंपनीच्या संचालकांत गेला, १८५६ साली तिचा अध्यक्ष झाला. १८५७ पासून मरेपर्यंत ॲबर्डीनचा प्रतिनिधी म्हणून पार्लमेंटात बसला. चीनमधल्या ताइपिंग बंडखोरांची बाजू घेऊन त्याने स्वतःच्या सरकारविरुद्ध लिहिले, हा भाग वाचून मला थोडे आश्चर्य वाटले. १६ जून १८७२ रोजी तो वारला. वय ८२.

गेल्या पावसात माझ्या पेटीत एक नवा मासा आला आहे. मुरीसारखाच, पण अंगावरचे पट्टे निराळे. यादीतल्या कोणत्याच वर्णनाशी तो जुळेना. शेवटी आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशींना पेटीपाशी नेले. त्यांनी वाकून पाहिले आणि क्षणाचाही विचार न करता एक नाव सांगितले. ते ना साइक्सच्या यादीत आहे, ना मी पूर्वी ऐकलेले. मी ते वहीत लिहून घेतले आहे. पुढे ओढ्याचे नाव, तारीख, माशाची लांबी आणि मावशींचे पूर्ण नाव. लिहून होईपर्यंत त्या उंबऱ्याशी थांबल्या होत्या. एवढ्याशा माशाचे कालवण किती जणांना पुरणार, हा त्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही.